चोवीस प्रश्न

बँकेच्या चौतीस वर्षांच्या सेवेत मी पुष्कळ परीक्षा दिल्या. एम.कॉम. झाल्यावर सी.ए.आय.आय.बी.चे दोन्ही भाग झाले, पुढे पदोन्नतीच्या लेखी परीक्षा आणि मुलाखती झाल्या. निवृत्तीनंतर आता परीक्षा संपल्या, असा माझा समज होता. परंतु ज्या परीक्षेने माझी खरी झाडाझडती घेतली, ती मी कधी दिलीच नाही. ती दिली माझ्या धाकट्या मुलीने, पलूसपासून सात हजार किलोमीटरांवर, इंग्लंडमध्ये.

मुलगी आणि जावई २०१७ पासून लेस्टर शहरी आहेत. ती तेथील एका रुग्णालयात औषधनिर्माता आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, ‘‘अण्णा, मला परीक्षा द्यायची आहे. तुम्ही माझा अभ्यास घ्याल का? लहानपणी घेत होता तसा.’’ निवृत्त बापाला याहून गोड निमंत्रण कोणते? मी लगेच वही-पेन घेऊन बसलो. विषय विचारला, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘इंग्लंड.’’

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत, म्हणून या परीक्षेविषयी थोडे सांगतो. ब्रिटनमध्ये कायमचा निवास किंवा नागरिकत्व मागणाऱ्या बहुतेक परक्या माणसांना ‘लाइफ इन द यूके’ नावाची परीक्षा द्यावी लागते. ती २००५ साली सुरू झाली. संगणकावर चोवीस प्रश्न, वेळ पंचेचाळीस मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी अठरा उत्तरे बरोबर. शुल्क पन्नास पौंड, म्हणजे त्या वेळी सुमारे पाच हजार रुपये. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा शुल्क भरायचे. एकदा उत्तीर्ण झाले की पुढे नागरिकत्वासाठी ती पुन्हा द्यावी लागत नाही. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे. आज मी तिकडे गेलो तर इंग्लंडच्या दृष्टीने मी अज्ञानी राहिलो तरी चालेल!

या परीक्षेसाठी सरकारने नेमलेले एक पुस्तक आहे आणि प्रश्न त्यातूनच येतात. मुलीने ते मला पाठवले. मी ते बँकेचे परिपत्रक वाचावे तसे, ओळीखाली रेघा मारीत वाचले. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५ ची मॅग्ना कार्टा, आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, १६६६ ची लंडनची आग. चार प्रांतांचे चार संत आणि त्यांचे दिवस : १ मार्च, १७ मार्च, २३ एप्रिल, ३० नोव्हेंबर. सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यावर मालकाचे नाव आणि पत्ता हवा, हेही त्यात होते. आमची तालीम रोज रात्री होई. मी पलूसच्या माडीवर, ती तिच्या स्वयंपाकघरात. मी विचारी, ‘‘स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार कधी?’’ ती पोळी लाटता लाटता सांगे, ‘‘१९२८.’’ आमच्या सौ. बाजूच्या खुर्चीत बसून सारे ऐकत. पंधरवड्यात त्यांनाही हेन्रीच्या राण्या पाठ झाल्या.

एके दिवशी खाद्यपदार्थांचे पान आले. इंग्लंडचा परंपरागत पदार्थ म्हणून गोमांसाचे नाव होते आणि स्कॉटलंडच्या पदार्थात मेंढीची आतडी-कोथळा होता. मी वाचता वाचता थांबलो. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘अण्णा, खायला सांगत नाहीत. फक्त ओळखायला सांगतात.’’ सौ. म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे तिचे. आपल्यालाही बावीस अभक्ष्ये पाठ असतातच की.’’ आम्ही तिघेही हसलो.

त्या पुस्तकाने मला आनंदही दिला. शेख दीन महंमद नावाचे एक भारतीय गृहस्थ त्यात भेटले. ते बंगालच्या फौजेत होते. पुढे ते तिकडे गेले, एका आयरिश युवतीशी विवाह केला आणि १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. डोके चोळून देण्याची आपली कला, म्हणजे ‘शॅम्पू’, तीही त्यांनीच तिकडे रुजवली. दोनशे वर्षांपूर्वी गेलेला आपला माणूस आज त्यांच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत आहे, याचे मला कौतुक वाटले.

पण पुढे एक वाक्य आले आणि माझे पेन अडले. १९४७ साली भारत, पाकिस्तान आदी देशांना स्वातंत्र्य ‘देण्यात आले’, अशा अर्थाचे ते वाक्य होते. व्यवहारात दान, कर्ज आणि परतफेड हे तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची खातीही वेगळी असतात. ‘देण्यात आले’ म्हटले की देणारा उदार आणि घेणारा उपकृत ठरतो. मी जरा चढ्या आवाजात मुलीला म्हणालो, ‘‘हे दान नव्हते. आपल्या कुंडलला जाऊन विचार म्हणावे त्यांना.’’

पलूस तालुक्यातील कुंडल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे ते डोंगरातील झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ यांच्यामुळे. त्याच कुंडलला बेचाळीसच्या चळवळीनंतर प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील गावोगावी इंग्रजांना न जुमानता लोकांचा कारभार चालला. न्यायनिवाडे गावात होऊ लागले, दारूबंदी झाली, कमी खर्चात गांधी-विवाह लागले. जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तूफान सेना उभारली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली गेली, तीही याच मंडळींनी. गुंडांना आणि फितुरांना तळपायावर मार देण्याची जी शिक्षा होती, ती अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या माझ्या मनाला आजही पटत नाही. परंतु त्या माणसांनी प्राणावर उदार होऊन जे मिळवले, त्याला ‘दिले’ कसे म्हणावे?

मी मुलीला घरची गोष्टही सांगितली. माझे वडील त्या वेळी बारा-तेरा वर्षांचे होते. ते सांगत की कधी मध्यरात्री परसदारी हलकी टकटक होई आणि आजी उठून चूल पेटवी. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारी, रात्री चुलीत जीवजंतू जळतील म्हणून काडीही न ओढणारी ती बाई त्या रात्री वीस-वीस भाकऱ्या थापून उसाच्या फडाकडे धाडी. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपवास करी. पुन्हा टकटक झाली की पुन्हा चूल पेटवी.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, ‘‘अण्णा, त्या भाकऱ्या कुणाकुणासाठी होत्या? त्यांची नावे काय? आणि आजीचे नाव कुठे लिहून ठेवलेय का?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वडील १९९८ साली गेले. तोवर मी त्यांना ठेवींचे व्याजदर सांगितले, निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून दिले, पण ती नावे विचारली नाहीत. किर्लोस्करवाडी स्थानकावरून मी शेकडो वेळा रेल्वे धरली. त्याच स्थानकाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड होते आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे औंधचे राजे होते, हेही मला नीट सांगता आले नाही. मुलगी म्हणाली, ‘‘पुस्तकात चुकीचे लिहिलेय, हे खरे. पण आपण तर लिहिलेच नाही. मी खूण कुठे करू?’’

त्या पुस्तकाविषयी तक्रार करणारे आम्ही एकटे नव्हतो. २०२० च्या जुलैमध्ये ब्रिटनमधील शंभराहून अधिक इतिहासकारांनी एका पत्राद्वारे, गुलामगिरी आणि साम्राज्य यांविषयीचा त्यातील मजकूर दिशाभूल करणारा आहे, तो सुधारा, अशी मागणी सरकारकडे केली होती. म्हणजे त्या देशात स्वतःच्या पुस्तकातील चुका सांगणारी माणसेही आहेत. मुलीने मात्र परीक्षेत पुस्तकाप्रमाणेच उत्तरे दिली आणि ती उत्तीर्ण झाली. पुढे सप्टेंबरात राणी एलिझाबेथ निवर्तल्या. ‘राष्ट्रप्रमुख कोण’ या प्रश्नाचे आम्ही घोकलेले उत्तर दोन महिन्यांतच जुने झाले.

त्याच महिन्यात तिला कायम निवासाचा परवाना मिळाला. परीक्षा झाली तेव्हा मी तो अभ्यास खेळ म्हणून घेतला होता. पुढच्या वर्षी मात्र तिने नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे ठरवल्याचे सांगितले, तेव्हा मी गप्प झालो. आपल्या संविधानाचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा त्या क्षणी भारताचा नागरिक राहत नाही. दोन्हीकडे पाय ठेवण्याची सोय नाही. बँकेत अनिवासी खात्यांचे अर्ज तपासताना ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यावरून माझे बोट हजारदा फिरले असेल. तो रकाना आपल्या घरात येईल, असे कधी वाटले नव्हते.

मनात आणखी एक सल होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सौ.ना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि वाचा गेली. मुलगी दुसऱ्याच दिवशी विमानात बसली आणि आली. आईला भरवणे, फिजिओथेरपीचे व्यायाम करून घेणे, रात्री उशाशी बसून णमोकार म्हणणे, हे सारे तिने केले. पण तीन आठवडे होताच ती परत निघाली. आई अजून शब्द जुळवत होती. आणखी महिनाभर थांब, असे मी म्हणालो. ‘‘नाही जमत, अण्णा,’’ एवढेच ती बोलली. नोकरी आईपेक्षा मोठी झाली, हा शब्द मी तोंडातून काढला नाही, पण मनात तो होता. मनातला कषाय शब्दांवाचूनही जळतच राहतो.

ऑक्टोबरात तिचा निरोप आला. ‘‘अण्णा, तुमचा ताळा कधी चुकत नाही. पासपोर्टवरचे शिक्के पाठवते. मी देशाबाहेर किती दिवस होते, तेवढे मोजून द्या. अर्जात लिहायचे आहे.’’ नियम असा : अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत एकूण ४५० आणि शेवटच्या एका वर्षात ९० दिवसांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिलेले चालत नाही. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही दिवस सोडून द्यायचे. व्याज काढताना आपण एक दिवस धरतो, एक सोडतो, येथे दोन्ही सोडायचे होते. मी तारखा मांडून बसलो. त्या वर्षी भावाच्या लग्नासाठी ती आली होती, ते ६२ दिवस. आईच्या आजारपणात २१ दिवस. एकूण ८३.

बेरीज मी तीन वेळा केली. आणखी आठ दिवस राहिली असती तर तिचा अर्जच अडला असता. मी फोन लावला. ‘‘बाळ, तू सात दिवसांची राखण ठेवून परत गेलीस?’’ पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, ‘‘विमान चुकले तर, आजारी पडले तर, म्हणून सात दिवस हाताशी ठेवले होते.’’

‘‘पण इतकी घाई कशाला? कायम निवासाचा परवाना आहेच. मतदानसुद्धा भारतीय म्हणून तिकडे करता येते तुला.’’ राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे मताधिकार आहे, हे मी त्याच पुस्तकाच्या अभ्यासात शिकलो होतो.

‘‘अण्णा, सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिले तर तो परवाना जातो. आईचे दुखणे किती दिवसांचे, किती वर्षांचे, कुणाला ठाऊक? उद्या तुमचेही वय होईल. मला पलूसला यायचे असेल तेव्हा दिवस मोजत यायचे नाही. तिकडचा पासपोर्ट झाला की इकडे ओसीआय काढीन. मग कितीही राहीन.’’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या ८३ च्या आकड्याकडे पाहत बसलो. ती इंग्लंडची होण्यासाठी कागद करते आहे, असे मी धरून चाललो होतो. ती पलूसला येता यावे म्हणून कागद करत होती. सर्व नोंदी बरोबर असूनही ताळेबंद चुकतो, तेव्हा बहुधा जमेची रक्कम नावे टाकलेली असते. माझे तसेच झाले होते. त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी सर्वांना ‘उत्तम क्षमा’ म्हटले होते, पण तिला म्हणताना मनातला सल तसाच ठेवला होता. ती क्षमा मी त्या ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा फोन करून मागितली. ती म्हणाली, ‘‘काय हे, अण्णा!’’ आणि रडली.

मे २०२४ मध्ये शपथविधी झाला. आदल्या रात्री तिने विचारले, ‘‘ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची की नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, दोन्ही पर्याय आहेत. काय करू?’’ आपल्या संविधानातही पदग्रहणासाठी असेच दोन पर्याय आहेत. जगाचा कर्ता-नियंता असा ईश्वर आपण मानत नाही, आपण आपल्या कृतीचे उत्तर स्वतःच द्यायचे असते. मी म्हणालो, ‘‘प्रतिज्ञा कर. आणि जे बोलशील ते पाळ. अर्धे मन इकडे ठेवून तिकडे खोटे बोलू नकोस. ज्या देशाचे मीठ खातेस, त्याच्याशी प्रामाणिक राहणे हाही सत्याणुव्रताचाच भाग आहे.’’ तिने प्रतिज्ञा घेतली. आम्ही पलूसमध्ये दुपारी साडेतीनला पडद्यावर पाहत होतो. राजाचे छायाचित्र, राष्ट्रगीत, हातात प्रमाणपत्र. सौ.नी डाव्या हाताने अक्षता टाकल्या, त्या फोनवर पडल्या. नंतर ती, जावई आणि नात लेस्टरच्या जैन मंदिरात दर्शनाला गेली. ते पूर्वीचे चर्च आहे. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली आणि दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांच्या मूर्ती एका छताखाली आहेत.

ज्यांची मुले या वाटेवर आहेत, त्यांना जुन्या सवयीने दोन गोष्टी सांगतो. परदेशी नागरिकत्व मिळताच भारतीय पासपोर्ट वकिलातीकडे जमा करावा लागतो, तो नंतर प्रवासासाठी वापरणे गुन्हा आहे. बँकेला बदललेले राष्ट्रीयत्व कळवावे, मतदारयादीतील नाव कमी करावे. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे : मताधिकार नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते. आमची द्राक्षबाग त्या एका वाक्यावर उभी आहे.

नव्या पासपोर्टचे छायाचित्र तिने पाठवले. पहिल्या पानावर राष्ट्रीयत्व ब्रिटिश आहे. खाली जन्मस्थानाच्या रकान्यात एकच शब्द आहे : पलूस.

त्यानंतर मी एक उद्योग आरंभला. आपल्या मुलखाविषयी चोवीस प्रश्न काढायचे आणि नातीला रविवारी एकेक विचारायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म कोणत्या गावी झाला? (कुंभोज.) किर्लोस्करांचे नांगर विकत फिरणाऱ्या या माणसाने रयत शिक्षण संस्था कोणत्या साली काढली? (१९१९.) दक्षिण महाराष्ट्र जैन सभा कोणत्या साली स्थापन झाली? (१८९९.) कुंडल ज्या संस्थानात होते, त्या औंधच्या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना कधी केली? (१९३९, महात्मा गांधींच्या सल्ल्याने.) या शेवटच्या उत्तरात ‘दिले’ हा शब्द शोभतो, हे मी तिला मुद्दाम सांगितले.

चोवीस प्रश्न काढून झाल्यावर मी प्रामाणिकपणे स्वतःची परीक्षा घेतली. पुस्तक न उघडता, कुणाला न विचारता मला किती उत्तरे आली असती? सोळा. अठराला उत्तीर्ण. म्हणजे जन्मापासून येथे राहून मी माझ्याच गावच्या परीक्षेत दोन गुणांनी अनुत्तीर्ण!

या कार्तिकात मुलगी आली आहे, बिनपगारी रजा घेऊन, नातीसह. परतीचे तिकीट अद्याप काढलेले नाही. सकाळी ती आईचा उजवा हात धरून बोटे मोजायला लावते आणि आई चार-पाचपर्यंत पोहोचते. दुपारी मी आणि नात कुंडलच्या वाड्या-वस्त्यांवर जातो. भाकऱ्या कुणी खाल्ल्या, ते सांगणारे कुणी उरले आहे का, याचा शोध चालू आहे. परवा एका नव्वदीच्या आजींनी माझ्या आजीचे नाव ओळखले. नातीने ते वहीत लिहून घेतले. चोविसावा प्रश्न आम्ही तोच ठेवला आहे. उत्तराचा अर्धा भाग आता लिहून झाला आहे.